आधीं कोणाकडे धांवावें?



आज एका प्रश्नानेंच आरंभ करतों. रस्त्यावर अपघात झाला आहे, चार-पांच माणसें इतस्ततः विखुरलीं आहेत, आणि त्या जागीं पोंचणारे पहिले गृहस्थ तुम्हीच आहां. डॉक्टर नाहीं, रुग्णवाहिका अजून यावयाची आहे. एक जण मोठमोठ्यानें ओरडत आहे. त्याचा पाय मोडलेला दिसतो. एका बाईचें कपाळ फुटून सगळा चेहरा रक्तानें माखला आहे व ती हुंदके देत आहे. एक तरुण उठून आपली मोडकी फटफटी न्याहाळीत उभा आहे. आणि रस्त्याच्या कडेला, बाभळीखालीं, एक मनुष्य निपचित पडला आहे. त्याच्या अंगावर रक्ताचा थेंबहि नाहीं. तुम्ही आधीं कोणाकडे धांवाल?

शाळेंत असतांना हा प्रश्न मी वरच्या वर्गांतील मुलांना दरवर्षीं घालीत असें. बहुतेक मुलें ओरडणाऱ्याकडे धांवत. कांहीं जण रक्त पाहून बाईकडे वळत. बाभळीखालच्या माणसाचें नांव घेणारा विद्यार्थी चाळिसांत एखादा निघे. त्यांत मुलांचा दोष नाहीं. आपले कान आवाजाकडे वळतात आणि डोळे लाल रंगाकडे. वयानें मोठीं माणसेंहि हेंच करतात. म्हणून तर अपघाताच्या जागीं गर्दीचें कडें नेमकें ओरडणाऱ्याभोंवतीं पडलेलें दिसतें. वस्तुतः जो ओरडतो त्यानें आपल्या ओरडण्यानेंच तीन गोष्टी सिद्ध केलेल्या असतात : त्याची श्वासनलिका मोकळी आहे, त्याच्या फुप्फुसांत हवा जात-येत आहे, आणि निदान या घटकेला त्याच्या मेंदूस रक्त पोंचत आहे. जो गप्प आहे त्याच्याविषयीं मात्र आपणांस कांहींच ठाऊक नसतें. शुद्ध हरपून तो उताणा पडला असेल तर त्याची सैल झालेली जीभ मागें घशांत पडून श्वासाची वाट अडविते. मेंदूला प्राणवायु मिळेनासा झाला म्हणजे चार-पांच मिनिटांत त्यास कायमची इजा होऊं लागते. तेव्हां बाभळीखालच्या माणसाजवळ वेळ असलाच तर तो एवढाच आहे. आणि मोडलेल्या पायाजवळ, तो कितीहि दुखत असला तरी, पुष्कळ वेळ आहे.

सोलापूरकरांना हा प्रश्न पुस्तकी वाटूं नये. पुण्याहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता आपल्या गांवावरून जातो. विजापूर, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर येथील वाटा येथें येऊन मिळतात. कोजागरीला तुळजापूरचा रस्ता पायीं चालणाऱ्यांनीं भरून जातो, आणि संक्रांतीस सिद्धेश्वराच्या यात्रेंत होम मैदानावर माणसाला माणूस लागलेला असतो. जेथें गर्दी व वेग आहे तेथें एकाच वेळीं अनेक माणसें जखमी होण्याचा संभव नेहमींच असतो. आणि तशा वेळीं मदत करणारे हात नेहमींच कमी पडतात. हात कमी आणि जखमी अधिक, अशा प्रसंगीं कोणाला आधीं हात लावावा हें ठरविण्याचें एक शास्त्र आहे. वैद्यक त्यास ‘ट्रायाज’ म्हणतें. शब्द फ्रेंच आहे व त्याचा मूळ अर्थ निवडणें, वेचणें असा आहे. कोणी मराठींत ‘प्रतवारी’ असा शब्द योजतात; मला तो रुचत नाहीं, कारण त्यांत उंची माल आणि हलका माल असा भाव येतो. येथें माणसाची प्रत ठरवावयाची नसून त्याच्या गरजेची निकड ठरवावयाची असते. आपल्या घरांतून सुपांत धान्य घेऊन जी ‘निवड’ करतात तोच शब्द मी वापरीन.

या निवडीचें श्रेय सामान्यतः नेपोलियनच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य लारे यास देतात. त्याच्या आधीं जखमी शिपाई लढाई संपेपर्यंत रणांगणांतच पडून राहत, आणि उचलतांनाहि अधिकारी आधीं व शिपाई मागाहून असा क्रम असे. लारेनें घोड्यांच्या हलक्या गाड्या करून लढाई चालू असतांनाच जखमींना मागें आणण्याची सोय केली, आणि असा दंडक घातला कीं ज्याची जखम अधिक घातक त्याला आधीं हात लावावा. मग त्याचा हुद्दा कोणताहि असो. शत्रूच्या जखमींनाहि त्यानें हाच नियम लावला. आज आपणांस यांत विशेष कांहीं वाटत नाहीं. पण आपल्या गांवांतील एखाद्या अपघातांत मोटारीचे मालक आणि मागच्या टेंपोंतील मजूर असे दोघे पडले असतां गर्दी आधीं कोणाला उचलते हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला लारेचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

हेंच शास्त्र आपल्या सोलापूरच्या एका पुत्रानें चीनच्या डोंगरांत आचरून दाखविलें. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं येथें झाला. १९३८ सालीं राष्ट्रीय सभेनें चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकांतील पांच डॉक्टरांपैकीं ते एक होते. व्ही. शांताराम यांच्या १९४६ मधील चित्रपटामुळें त्यांचें नांव घरोघर झालें, त्यांचें स्मारकहि आपल्या शहरांत उभें आहे. परंतु त्यांनीं तेथें नेमकें काय केलें असें विचारल्यास पुष्कळांची गाडी चित्रपटापुढें जात नाहीं. उत्तर चीनमध्यें त्यांच्या आधीं नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा शस्त्रवैद्य काम करीत होता. जखमी इस्पितळापर्यंत येण्याची वाट पाहूं नये, इस्पितळानेंच जखमीजवळ जावें, असा त्याचा बाणा होता. शस्त्रक्रियेचें सामान जनावरांवर लादून तो आघाडीच्या अगदीं जवळ टेबल मांडी. पुढें त्याच्याच नांवानें चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख म्हणून १९४१ सालीं कोटणीसांची नेमणूक झाली. तत्पूर्वीं, १९४० मधील एका लांबलेल्या लढाईंत, त्यांनीं सलग ७२ तास न झोंपतां शस्त्रक्रिया केल्या आणि त्या लढाईंत एकंदर ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले, असें त्यांच्याविषयीं नमूद आहे. आठशे जखमी आणि मोजके हात, याचा हिशेब मांडून पाहा. येतील त्या क्रमानें, किंवा अधिक विव्हळतील त्या क्रमानें, त्यांना टेबलावर घेऊन तो हिशेब सुटता ना. ९ डिसेंबर १९४२ रोजीं कोटणीस तेथेंच निवर्तले. वय अवघें बत्तीस वर्षांचें.

बेथ्यूनचा मृत्यूहि येथें सांगण्याजोगा आहे. शस्त्रक्रिया करतांना त्याचें बोट कापलें, ती जखम चिघळली आणि रक्तांत विष भिनून १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं तो गेला. शेकडों जखमींचा आधार बोटाच्या एका जखमेनें नाहींसा झाला. प्रथमोपचाराच्या प्रत्येक पुस्तकांत पहिला नियम मदत करणाऱ्यानें स्वतःस जपावें हाच असतो, आणि आपल्याकडे तो भेकडपणाचा समजतात, म्हणून हें उदाहरण दिलें. वाहता रस्ता असेल तर प्रथम कोणा तरी दोघांना दोन्ही बाजूंस उभें करून वाहनें थांबवावीं. विजेची तार पडली असेल तर प्रवाह बंद झाल्यावांचून जखमीस स्पर्श करूं नये. पेट्रोल सांडलें असेल तर विडी-सिगारेट पेटवूं देऊं नये. रक्ताला हात लावण्यापूर्वीं हातमोजे, ते नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी. मदतीला गेलेलाच आडवा झाला तर जखमींत एकाची भर आणि हातांत दोहोंची तूट.

आणखी एक प्रसंग आपल्या शेजारचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, ३ वाजून ५६ मिनिटांनीं, किल्लारी-सास्तूरच्या परिसरांत धरणीकंप झाला. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होऊन गेलेली. गणपति बोळवून लोक घरोघर झोंपले होते. दगड आणि माती यांच्या रुंद भिंती व वर मातीचें जड माळवद, अशीं तीं घरें झोंपलेल्या माणसांवर बसलीं. सुमारें आठ हजार माणसें गेलीं, आणि जखमींची रीघ सोलापूरच्या शासकीय रुग्णालयापर्यंत लागली. जगांतील कोणत्याहि मोठ्या धरणीकंपाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट दिसून येते, ती ही कीं, जिवंत बाहेर निघालेल्या बहुतेकांना शेजाऱ्यांनींच उकरून काढलेलें असतें. सैन्य, डॉक्टर, यंत्रें हीं मागाहून येतात. त्यांचा दोष नाहीं, अंतराला वेळ हा लागणारच. पण त्या आधींच्या घटकांत शेजारी हाच डॉक्टर असतो, त्यास तें कळत असो वा नसो. आणि ज्याच्या तोंडानाकांत माती भरली आहे त्याचें तोंड बोटानें मोकळें करणें आधीं, कीं ज्याचा हात चेंगरला आहे त्याला ओढून काढणें आधीं, हा निवाडा त्यालाच अंधारांत करावा लागतो.

आतां प्रत्यक्ष निवड कशी करावी तें सांगतों. १९८३ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील न्यूपोर्ट बीच येथील अग्निशामक दल आणि तेथील होग रुग्णालय यांनीं मिळून एक सुटसुटीत पद्धत बसविली. पुढें ती जगांत पुष्कळ ठिकाणीं रूढ झाली. एका जखमीपाशीं साधारण अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबावयाचें नाहीं, हें तिचें सूत्र. तिला कसलेंहि उपकरण लागत नाहीं, आणि मॅट्रिक झालेल्या माझ्यासारख्यालाहि ती समजते.

प्रथम जवळ असलेल्या एका माणसाला, बोटानें दाखवून, १०८ या क्रमांकावर टेलिफोन करावयास सांगावें. “कोणी तरी फोन करा” असें गर्दीला सांगितलें म्हणजे प्रत्येकास वाटतें दुसऱ्यानें केला असेल. ही रुग्णवाहिकांची सेवा महाराष्ट्रांत २०१४ पासून आहे. ११२ वरहि मदत मिळते. बोलतांना ठिकाण, जवळची ठळक खूण, जखमींची संख्या आणि कोणी अडकले आहेत काय, एवढें सांगावें. अपघात कोणाच्या चुकीनें झाला तें सांगत बसूं नये. मग मोठ्यानें पुकारावें : “ज्यांना चालतां येतें त्यांनीं या झाडाखालीं या.” या एका वाक्यानें निम्मी निवड होते. जे उठून आले ते हिरवे. त्यांचीं हाडें मोडलीं असतील, रक्त येत असेल, पण ते थांबूं शकतात. फटफटीवाला तरुण आणि कपाळ फुटलेली बाई यांतच येतात. कपाळाची कातडी रक्तवाहिन्यांनीं भरलेली असल्यामुळें तेथील लहानशी चीरहि भीषण दिसते. त्या बाईच्याच हातीं स्वच्छ फडकें देऊन “हें दाबून धरा” म्हणावें. उपचारहि होतो आणि मनाला काम मिळून रडेंहि थांबतें.

जे आले नाहींत त्यांच्याकडे आतां जावें, आणि जो सर्वांत गप्प त्याच्याकडे पहिल्यानें. तीन गोष्टी पाहाव्या : श्वास, नाडी आणि समज. छाती हलते काय? हलत नसेल तर तोंडांत कांहीं अडकलेलें दिसल्यास काढावें आणि हनुवटी वर उचलून श्वासाची वाट मोकळी करावी. मानेला मार असण्याचा संशय असेल तर डोकें न वळवितां, जबड्याचे दोन्ही कोन बोटांनीं पुढें ढकलावे. पुष्कळदां एवढ्यानेंच श्वास सुरू होतो. असा मनुष्य लाल, म्हणजे सर्वांत निकडीचा. श्वास चालू आहे पण मिनिटाला तिसांहून अधिक वेगानें, तोहि लाल. श्वास ठीक, परंतु मनगटाची नाडी लागत नाहीं, तोहि लाल. शरीरांतील रक्त कोठें तरी, बाहेर किंवा आंत, वाहून जात आहे असें समजावें. श्वास व नाडी दोन्ही ठीक, पण “माझें बोट दाबा” म्हटलें असतां दाबीत नाहीं, तोहि लाल. आणि जो हें सर्व करतो, पण उठूं मात्र शकत नाहीं, तो पिवळा. मोडक्या पायाचा ओरडणारा गृहस्थ बहुधा येथें बसतो. त्याला दोन शब्द धीराचे सांगून पुढें जावें.

बाभळीखालच्या माणसाची हनुवटी उचलूनहि श्वास आला नाहीं तर काय करावें? येथें ही पद्धत काळा रंग सांगते, आणि येथेंच सर्वांचें मन मागें हटतें. अनेक जखमी असतां आणि हात एकाच्या जोडीचे असतां, श्वास थांबलेल्यास सोडून पुढें जावें, असा तिचा दंडक आहे. मुलांना मी हें सांगितलें म्हणजे वर्गांत शांतता पसरे, आणि एखादी मुलगी उभी राहून विचारी, “तो माझा भाऊ असला तर?” या प्रश्नाला माझ्याजवळ गोड उत्तर नव्हतें आणि आजहि नाहीं. एवढेंच सांगतां येतें कीं, अपघातानें ज्याचा श्वास आणि हृदय दोन्ही थांबलीं तो केवळ छाती दाबून परत येण्याची आशा फार थोडी असते. त्या कामांत वीस मिनिटें गेलीं तर पलीकडे ज्याच्या मांडींतून रक्ताची धार लागली आहे तो, जो दोन मिनिटांच्या दाबानें वांचला असता, जातो. त्याचाहि कोणी भाऊ असतो. काळा याचा अर्थ ‘मेला’ असा नव्हे. तो निर्णय डॉक्टरांचा आहे. अर्थ एवढाच कीं, ‘आतां नाहीं’. हात वाढले, दुसरे कोणी मदतीस आले, कीं त्याच्याकडे परत जावें.

याचा कोणी विपरीत अर्थ घेऊं नये म्हणून स्पष्ट सांगतों. जखमी एकच असेल, किंवा हात पुरेसे असतील, तर श्वास थांबलेल्यास सोडावयाचें नाहीं. छातीच्या मध्यभागीं तळहातावर तळहात ठेवून, कोंपर न वांकवितां, पांच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीनें दाबीत राहावें. दर दाबानंतर छाती पुरती वर येऊं द्यावी. हें काम दमविणारें आहे, दोन-दोन मिनिटांनीं माणूस बदलावा. घरांत बोलतां बोलतां कोसळलेल्या वडीलधाऱ्याला तर हेंच, आणि ताबडतोब, करावयाचें असतें. वरचा कठोर नियम फक्त हात अपुरे असतील तेव्हांचा आहे.

निवड एकदां करून भागत नाहीं. पिवळा घटकेंत लाल होतो. विशेषतः पोटाला मार बसलेला मनुष्य आधीं नीट बोलतो आणि मग घामाघूम, पांढराफटक होत जातो. म्हणून एक फेरी झाली कीं दुसरी सुरू करावी. आणि फेरींत असतांना दोनच उपचारांसाठीं थांबावें : श्वासाची वाट मोकळी करणें आणि वाहतें रक्त थांबविणें.

रक्ताविषयीं थोडें विस्तारानें बोलतों, कारण येथें सामान्य मनुष्याच्या हातून जीव वांचतो. सोलापूरच्या घरांत दुसरें कांहीं नसलें तरी टॉवेल आणि चादर असतेच, आणि याहून चांगलें साधन शोधूं नये. स्वच्छ टॉवेलाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनीं, अंगाचा भार देऊन, न सोडतां दाबावें. कापड भिजलें तर तें काढूं नये. काढलें कीं नुकतीच धरलेली गांठ सुटते. वरून दुसरी घडी ठेवून अधिक दाबावें. दर मिनिटाला उचलून पाहण्याची आपली संवय वाईट. निदान दहा मिनिटें डोकावूं नये. जखमेंत कांच किंवा सळई रुतली असेल तर ती उपसूं नये, तिच्या दोन्ही बाजूंनीं दाबावें. कित्येकदां तीच बुचासारखी रक्त अडवून असते. हातापायाच्या जखमेंतून दाबूनहि धार थांबत नसेल तर जखमेच्या वर चार बोटें, सांधा सोडून, कापडाची रुंद आवळपट्टी बांधावी, तींत काठी घालून धार थांबेपर्यंत पिळावी, आणि वेळ लिहून ठेवावी. सुतळी किंवा तार वापरूं नये, ती मांस कापते. आमच्या पिढीस दर पंधरा-वीस मिनिटांनीं पट्टी सैल करावयास शिकविलें होतें. तें आतां त्याज्य ठरलें आहे. एकदां आवळलेली पट्टी डॉक्टरांनींच सोडावी.

हळदीविषयीं मजवर रोष होईल, पण सांगितलें पाहिजे. खोल जखमेंत हळद, चहाची पूड, तंबाखू, चुना किंवा कॉफी भरल्यानें रक्त थांबत नाहीं. तें थांबतें दाबामुळें. भरलेली पूड शस्त्रवैद्यास अर्धा तास खरवडून काढावी लागते आणि तिच्याबरोबर जंतु आंत जातात. भाजलेल्यावर शाई, तूप, दांतांची पेस्ट फांसण्याचीहि हीच कथा. भाजल्यावर एकच औषध, नळाचें वाहतें गार पाणी, वीस मिनिटें, बर्फ नव्हे. तोंवर अंगठ्या, बांगड्या, पाटल्या उतरवून घ्याव्या, सूज आल्यावर त्या निघत नाहींत. मग स्वच्छ सैल कापडानें झांकावें. फोड फोडूं नयेत.

आपल्याकडील आणखी एक हट्ट म्हणजे पाणी पाजणें. पडलेल्याच्या तोंडाला तांब्या लावल्यावांचून आपणांस माणुसकी पुरी झाल्यासारखी वाटत नाहीं. पण बेशुद्धाला गिळतां येत नाहीं. तें पाणी सरळ फुप्फुसांत जातें. शुद्धीवर असलेल्यालाहि पुढें शस्त्रक्रियेसाठीं भूल द्यावी लागण्याचा संभव असतो, म्हणून फार तर ओंठ ओले करावे. झटके आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगविणें, दांतखीळ उघडण्यासाठीं चमचा घालणें, हें निरर्थक आणि अपायकारकहि आहे. झटके थांबेपर्यंत भोंवतालच्या टणक वस्तु दूर कराव्या, डोक्याखालीं घडी ठेवावी, आणि मग कुशीवर वळवावें. श्वास चालू असलेल्या कोणत्याहि बेशुद्धास कुशीवर ठेवणें चांगलें. ओकारी झाली तर ती बाहेर पडते. मात्र मानेचा किंवा पाठीचा संशय असतां डोकें, मान व धड एका रेषेंत ठेवून, दोघा-तिघांनीं मिळून, ओंडका वळवावा तसें वळवावें.

याच पाठीच्या कण्यामुळें जखमीला चौघांनीं हातपाय धरून उचलून रिक्षांत दुमडून बसविण्याची जी आपली रीत आहे ती अतिशय घातक आहे. मोडलेल्या मणक्याखालचा मज्जारज्जु त्या ओढाताणींत दुखावला तर अपघातांतून वांचलेला मनुष्य जन्मभर अंथरुणास खिळतो. आग किंवा वाहतें रहदारीचें संकट नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला जागच्या जागीं ठेवून कोणी तरी डोकें दोन्ही हातांनीं स्थिर धरावें. मोटारसायकलवाल्याचें हेल्मेट, श्वासास अडथळा नसेल तर, काढूं नये. वाट पाहणें अगदींच अशक्य असेल तर दार किंवा फळी यांवर सर्वांनीं एकदम उचलून घालावें.

मदत करावयास पुढें न होण्याचें खरें कारण अज्ञान नसतें, असा माझा अनुभव आहे. तें कारण म्हणजे पोलिसांचें लचांड आणि कोर्टाचे खेटे. ही भीति एके काळीं साधार होती. परंतु १९८९ सालीं परमानंद कटारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, त्यानें आधीं जीव वांचवावा, सोपस्कार मागाहून. ३० मार्च २०१६ रोजीं त्याच न्यायालयानें मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना बंधनकारक स्वरूप दिलें, आणि २०१९ मध्यें मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम आलें. सद्भावनेनें मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून कांहीं उणें-अधिक झालें तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. त्यानें आपलें नांव-पत्ता सांगितलाच पाहिजे असें नाहीं. रुग्णालयानें त्याला अडकवूनहि ठेवावयाचें नाहीं. हा कायदा दिवाणखान्यांत वाचला गेला असेल, पण रस्त्यावर अजून पोंचलेला नाहीं. आपल्या रिक्षावाल्याला, दूधवाल्याला, कारखान्यांतील सहकाऱ्यांना तो सांगावा; अपघाताच्या जागीं तेच आधीं असतात.

रुग्णवाहिका आली म्हणजे आपलें काम संपलें असें समजून एकदम पांगूं नये. कोणाची शुद्ध केव्हां हरपली, कोणाला आवळपट्टी केव्हां बांधली, पिवळ्यांपैकीं कोण बिघडत गेला, हें फक्त आपणांसच ठाऊक असतें. तें थोडक्यांत सांगावें. आणि ओरडणाऱ्याचे नातेवाईक त्यालाच आधीं गाडींत घालण्याचा आग्रह धरतील, तेव्हां बाभळीखालच्या माणसाकडे, जर त्याचा श्वास परत आला असेल तर, कर्मचाऱ्यांचें लक्ष वेधावें. त्याच्यासाठीं बोलणारें तेथें दुसरें कोणी नसतें.

यांतील एका गोष्टीचा सराव आज रात्रींच घरीं करतां येईल. घड्याळ समोर ठेवून घरांतील प्रत्येकाची छाती अर्ध्या मिनिटांत किती वेळां वर येते तें मोजा आणि दुप्पट करा. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला बारा ते वीस भरतील. नातवंडांचे अधिक भरतील. त्यानें घाबरूं नका, लहान मुलांचा श्वास जात्याच जलद असतो आणि तिसांचा तो नियम मोठ्यांसाठीं आहे. मोजतांना मात्र त्यांना सांगूं नका. मोजलें जात आहे असें कळलें कीं कोणाचाहि श्वास आपला वेग बदलतो. मग स्वतःच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशीं, दोन बोटें ठेवून नाडी शोधा. प्रथम ती सांपडावयास मिनिटभर लागेल. आठवडाभर रोज शोधली कीं दोन सेकंदांत सांपडूं लागते.